कायम ‘चालू’ असणारी रो प्रथिनं कॅन्सर वाढवतात की रोखतात?

शुक्रतारा

नमस्कार मंडळी. सेमिनारसाठी ‘अटिपिकल रो जीटीपीएज’ (पेशीतल्या रो प्रथिनांच्या कुटुंबातली चाकोरीबाहेरची मंडळी) हा विषय घेतलाय आणि एका प्रश्नापाशी अडले आहे.

रास प्रथिनाची गोष्ट इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. त्याला जीटीपी हा पेशीतला छोटा रेणू चिकटला की ते चालू, त्यातला एक फॉस्फेट तुटून त्याचं जीडीपी झालं की बंद. १९८२ साली मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींत एच-रासमधला एकच बदल सापडला. १२ व्या जागी ग्लायसिन असतं, तिथे व्हॅलिन आलं होतं. तेवढ्यानं प्रथिन बंद होईनासं झालं आणि पेशीला वाढीचा निरोप अखंड मिळत राहिला. आज आपल्याला माहीत आहे की साधारण पाचातल्या एका कॅन्सरमध्ये रास कुटुंबातलं काही ना काही बिघडलेलं असतं.

आता त्याच गोतावळ्यातलं आरएनडी-३ घ्या (जुनं नाव रो-ई). १९९६ मध्ये ते सापडलं तेव्हाच कळलं की त्याला जीटीपी तोडताच येत नाही. रासमध्ये ज्या १२ आणि ६१ या जागा बिघडल्या की कॅन्सर होतो, नेमक्या त्याच जागांवर याच्याकडे मुळातच वेगळी अमिनो आम्लं आहेत. म्हणजे निरोगी पेशीतही हे कायम चालू! मग ते घातक का ठरत नाही? यकृताच्या कॅन्सरमध्ये तर ते कमी झालेलं आढळतं. मेलॅनोमात (त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये) मात्र पेशींना पसरायला त्याचीच मदत होते, असं वाचलं.

ट्यूमरमधल्या म्युटेशनच्या याद्यांत ही मंडळी फारशी दिसत नाहीत. त्यामुळे माझं मत असं बनत चाललंय की कॅन्सरमध्ये यांची भूमिका दुय्यम असावी. जाणकारांनी कृपया मत द्यावं.

---

वाटसरू

वाचतोय. विषय डोक्यावरून जातोय, पण धागा सोडवत नाही.

---

पेशीपाल

छान प्रश्न, शुक्रतारा. मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणसात रो कुटुंबात २० प्रथिनं आहेत. रो-ए, रॅक-१ आणि सीडीसी-४२ ही त्यातली प्रसिद्ध त्रयी. पेशीचा आकार, तिची पकड, तिचं सरकणं, सगळं मुख्यत्वे यांच्या हातात. त्यांना चालू करणारी प्रथिनं म्हणजे जेफ, बंद करणारी गॅप, आणि जीडीआय त्यांना पेशीच्या पटलापासून सोडवून पेशीद्रवात धरून ठेवतात.

अटिपिकल मंडळी या चौकटीत बसत नाहीत. आरएनडी-१, २, ३ आणि रो-एच जीटीपी तोडत नाहीत. रो-यू आणि रो-व्ही यांच्यात जीडीपी इतक्या झपाट्यानं सुटून जीटीपी येतं की त्यांना जेफची गरजच उरत नाही. रोबीटीबी-१ आणि २ तर निराळीच. साधं रो प्रथिन सुमारे २१ किलोडाल्टनचं असतं, ही त्याच्या जवळजवळ चौपट भरतात, आणि तरी ‘स्मॉल जीटीपीएज’मध्येच मोजली जातात. काही जण रो-डी आणि रो-एफ यांनाही याच यादीत धरतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे. ‘चालू’ म्हणजे ‘पेशीची वाढ चालू’ असं गृहीत धरल्यामुळे कोडं पडलंय. आरएनडी-३ चालू असतं तेव्हा करतं काय? ते रो-एच्या हाताखालच्या रॉक-१ या किनेजला (फॉस्फेट लावणाऱ्या विकराला) जाऊन चिकटतं आणि त्याला अडवतं. शिवाय पी-१९० नावाच्या गॅपला हाताशी धरून रो-एलाच बंद करवतं. थोडक्यात त्याचं काम म्हणजे रो-एच्या विरोधात उभं राहणं. कायम चालू असलेला विरोधक पेशीला बेलगाम का करेल? वर ते सायक्लिन डी-१ तयार होणंही कमी करतं, म्हणजे पेशीविभाजनाला आळाच.

---

सदाफुली

पेशीपाल, मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, तरी इथवर कळलं. एक शंका. जे बंदच करता येत नाही त्यावर पेशी ताबा कसा ठेवते?

---

पेशीपाल

सदाफुली, सगळ्या विषयाचं मर्म तुम्ही एका ओळीत विचारलंत. दिव्याला बटणच नसेल तर खोलीत किती दिवे लावायचे आणि कुठे लावायचे एवढंच आपल्या हातात उरतं. पेशीही तेच करते.

पहिली गोष्ट, प्रथिन किती बनवायचं. आरएनडी-३ चं जनुक पी-५३ या पहारेकरी प्रथिनाच्या हुकमानं जास्त वाचलं जातं, म्हणजे डीएनएला इजा झाली की याचं प्रमाण वाढतं. दुसरी, बनलेलं किती काळ टिकू द्यायचं. रॉक-१ स्वतःच आरएनडी-३ वर फॉस्फेट लावतं, त्यानं ते जास्त टिकतं. म्हणजे ज्याला अडवायचं तोच अडवणाऱ्याचं आयुष्य वाढवतो! तिसरी गोष्ट म्हणजे जागा. फॉस्फेट लागलेल्या आरएनडी-३ ची पटलात रुतणारी स्निग्ध शेपटी १४-३-३ नावाची प्रथिनं पकडतात आणि त्याला पटलावरून उचलून पेशीद्रवात आणतात. हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. तिथे ते जीटीपीसकट असतं, पण त्याचं काम थांबतं.

---

सदाफुली

आता लख्ख कळलं. धन्यवाद.

---

आकडेबहाद्दर

पेशीपाल यांचं विवेचन उत्तम आहे, पण शुक्रतारा यांचं मत इतक्या सहज बाजूला सारू नये असं मला वाटतं. मी जनुकीय विदेचं विश्लेषण करतो. कॅन्सर जनुकांच्या मोठ्या याद्या आम्ही काढतो तेव्हा तीच तीच जागा पुन्हा पुन्हा बिघडलेली दिसावी लागते. रॅक-१ मध्ये तशी जागा आहे. मेलॅनोमात पी-२९-एस हा बदल (२९ व्या जागी प्रोलिनऐवजी सेरिन) २०१२ मध्ये सापडला, उन्हानं होणाऱ्या मेलॅनोमात ५ ते ९ टक्के नमुन्यांत. तो बदलही अतिनील किरणांच्या ठशाचा. रो-एमध्ये जी-१७-व्ही आहे, २०१४ मध्ये टी-पेशींच्या एका लिम्फोमात निम्म्याहून जास्त रुग्णांत मिळालेला. आरएनडी-३ मध्ये किंवा रो-यूमध्ये असं काय आहे, दाखवा.

दुसरा मुद्दा रोबीटीबी-२ चा. २००२ मध्ये ते स्तनाच्या कॅन्सरमध्ये गळून पडणारं जनुक म्हणून पुढे आलं आणि त्याला डीबीसी-२ हे नाव मिळालं. दोन्ही प्रती गेल्याची उदाहरणं होती ३.५ टक्के. ते बसलंय ८ व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर. हा बाहू कितीतरी कॅन्सरमध्ये सबंधच्या सबंध जातो आणि त्याबरोबर शेकडो जनुकं जातात. प्रोस्टेटमध्ये महत्त्वाचं असलेलं एनकेएक्स-३.१ हे जनुक त्याच शेजारातलं. मग दोष कोणाचा? गर्दीत सापडला म्हणून गुन्हेगार ठरवायचं का?

---

चकोर७

+१ आकडेबहाद्दर.

आणि या प्रथिनांची नावं वाचताना गाड्यांच्या नंबरप्लेट वाचल्यासारखं होतंय मला. :)

---

निळावंती

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. आकडेबहाद्दर, म्युटेशनची यादी हीच एकमेव साक्ष मानली तर रो-एचवर अन्याय होईल.

रो-एच जगासमोर आलं तेच कॅन्सरमधून. १९९५ मध्ये नॉन-हॉजकिन लिम्फोमात ३ आणि ४ या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली सापडली, आणि त्यात बीसीएल-६ या जनुकाला एक अनोळखी जनुक जोडलं गेलं होतं. तेच रो-एच. तेव्हा त्याला टीटीएफ म्हणत. हे प्रथिन जवळजवळ फक्त रक्तपेशींत असतं. पुढे २००१ मध्ये मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमात दिसलं की प्रतिपिंडांची जनुकं बदलणारी यंत्रणा वाट चुकून चार भलत्या जनुकांवरही बदल करत सुटते. पीआयएम-१, मिक, पॅक्स-५ आणि चौथं हेच रो-एच.

मला सर्वात बोलकं वाटतं ते दोन ल्युकेमियांचं उदाहरण. दोन्ही बी-पेशींचेच. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात कॅन्सर पेशींना आसपासच्या पेशींशी जमवून घ्यायला रो-एच लागतं. उंदरांत ते काढून टाकलं तर आजार मंदावतो. हेअरी सेल ल्युकेमियात मात्र रो-एच कमी पडलेलं असतं. एकाच घराण्यातल्या पेशी, एकच प्रथिन, आणि एका आजारात ते हवंय तर दुसऱ्यात नकोय! ‘ऑन्कोजीन की ट्यूमर सप्रेसर’ (कॅन्सर वाढवणारं की रोखणारं) हा प्रश्न पेशीचं नाव घेतल्याशिवाय विचारूच नये, असं माझं ठाम मत आहे.

---

आकडेबहाद्दर

निळावंतीताई, ल्युकेमियाचं उदाहरण जोरदार आहे. २००१ च्या शोधाबद्दल मात्र एक आक्षेप. त्या यंत्रणेनं रो-एचवर खुणा सोडल्या कारण ते जनुक त्या पेशीत भरपूर वाचलं जात होतं. त्या खुणांमुळे आजार झाला हे त्यातून सिद्ध होत नाही.

---

निळावंती

हे मान्य. म्हणून तर मी वजन उंदरांच्या प्रयोगाला दिलं. जनुक काढलं आणि आजाराची गती बदलली, यापुढे फार वाद उरत नाही.

---

वाटसरू

अवांतर: ‘रो’ हे नाव कुठून आलं?

---

पेशीपाल

अवांतर आहे, पण रंजक आहे. रासशी साधर्म्य असलेलं म्हणून रो. १९८५ मध्ये मादौल आणि रिचर्ड ॲक्सेल यांना हे जनुक पहिल्यांदा मिळालं ते अप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीत. याच ॲक्सेल यांना पुढे २००४ मध्ये गंधज्ञानावरच्या कामासाठी नोबेल मिळालं. गोगलगायीपासून माणसापर्यंत हे कुटुंब टिकलंय यावरूनच त्याची गरज किती मूलभूत आहे ते कळतं.

---

चकोर७

गोगलगायीत सापडलेलं जनुक आणि काम पेशींना पळवण्याचं! मजा आहे.

---

अबोली_म

धागा मनापासून वाचतेय, कारण आमच्या घरात आतड्याच्या कॅन्सरचे उपचार चालू आहेत. एका लेखात वाचलं की रॅक-१-बी नावाचं प्रथिन आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढतं आणि आयबुप्रोफेननं ते कमी होतं. मग रुग्णाला आयबुप्रोफेन द्यावं का? आणि या प्रथिनांची चाचणी करून घ्यावी का?

---

निळावंती

अबोली, आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नका. तो निष्कर्ष प्रयोगशाळेतल्या पेशी आणि उंदरांतला आहे. केमोथेरपी चालू असताना प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात, मूत्रपिंडांवर ताण असू शकतो. अशा वेळी या गोळीनं रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय ती ताप झाकते, आणि केमोच्या दिवसांत ताप हीच धोक्याची पहिली खूण असते. कुठलीही वेदनाशामक गोळी तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारूनच.

चाचणीबद्दल: या प्रथिनांवरून आज उपचार ठरत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मागे लागू नका. आजार पसरलेला असेल तर आतड्याच्या कॅन्सरमध्ये के-रास, एन-रास, बी-राफ आणि एमएसआय (डीएनए-दुरुस्तीतला बिघाड दाखवणारी) या तपासण्यांवरून औषधं खरोखर ठरतात. त्या झाल्या आहेत का, हे मात्र जरूर विचारा. रुग्णाला लवकर बरं वाटो.

---

अबोली_म

खूप आभार. के-रासचा अहवाल आहे, बाकीचं उद्याच विचारते.

---

पेशीपाल

अबोलीताईंनी रॅक-१-बीचा विषय काढला ते बरं झालं, कारण आकडेबहाद्दर यांच्या प्रश्नाचं एक उत्तर त्यात आहे. रॅक-१ चा आरएनए कापून जोडला जाताना एरवी वगळला जाणारा ५७ अक्षरांचा तुकडा आत राहतो आणि प्रथिनात १९ अमिनो आम्लं जास्त येतात. तेवढ्यानं साधं, शिस्तीचं रॅक-१ जेफशिवाय आपोआप चालू होऊ लागतं. म्हणजे वागणुकीनं अटिपिकलच झालं. १९९९ मध्ये हे आतड्याच्या ट्यूमरमध्ये सापडलं. त्यासाठी जनुकात एकही म्युटेशन लागत नाही! फक्त डीएनए वाचणाऱ्या विश्लेषणाला तिथे सगळं आलबेल दिसेल.

२००५ मध्ये असंही दिसलं की स्तनाच्या पेशींना बाहेरून एमएमपी-३ हे विकर दिलं तर आत रॅक-१-बी वाढतं, ऑक्सिजनची उपद्रवी रूपं तयार होतात आणि पेशी आपली घट्ट वीण सोडून भटक्या होतात. बी-राफ बिघडलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये रॅक-१-बी जास्त आढळतं, हे २००८ चं.

---

आकडेबहाद्दर

हे उत्तर मला आवडलं. आरएनएच्या विदेत हा तुकडा आम्ही मोजू शकतो. पण पेशीपाल, रॅक-१-बीला अटिपिकलमध्ये घालणं म्हणजे यादी आपल्या सोयीनं ताणणं नाही का? उद्या पी-२९-एसलाही घालाल, तेही आपोआप चालू होतं.

---

पेशीपाल

वर्गीकरणाच्या यादीत घालायला नकोच. मुद्दा वागणुकीचा आहे. निसर्गात रो-यू जे मुळातच करतं, तेच कॅन्सर रॅक-१ कडून करून घेतो, कधी म्युटेशननं, कधी आरएनएच्या जोडणीनं. म्हणून तर या आडवाटेच्या प्रथिनांचा अभ्यास हवा. आणि तुम्ही दिलेलं जी-१७-व्ही आठवा. त्या बदलानं रो-ए चालू होतच नाही, जीटीपी धरूच शकत नाही, तरी लिम्फोमा होतो. चालू म्हणजे कॅन्सर आणि बंद म्हणजे सुरक्षित हा हिशोब रो कुटुंबात दोन्ही बाजूंनी चुकतो.

---

शुक्रतारा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून एक समजून घ्यायचंय. आरएनडी-३ जर रो-ए आणि रॉकला अडवतं, तर यकृतात ते कमी झाल्यानं पेशी पसरतात, आणि मेलॅनोमात ते भरपूर असल्यानं पसरतात. दोन्ही खरं कसं?

---

पेशीपाल

कारण पेशींच्या सरकण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. काही पेशी गोल होऊन, रॉकच्या जोरावर आकुंचन पावत, तंतूंच्या जाळ्यातल्या फटींतून अंग काढतात. त्यांना रॉक हवं, म्हणजे आरएनडी-३ कमी झालेलं पथ्यावर पडतं. यकृताच्या कॅन्सरमध्ये असंच दिसलं. काही पेशी लांबट होऊन, चिकटायचं, सोडायचं, पुढे जायचं असं करतात. त्यांना रो-एची पकड फार घट्ट झाली तर हलता येत नाही. बी-राफ बिघडलेल्या मेलॅनोमाच्या पेशी आरएनडी-३ चढं ठेवतात ते यासाठी.

म्हणून काचेच्या सपाट तळावर केलेला प्रयोग आणि कोलॅजनच्या त्रिमितीय जेलमधला प्रयोग यांची उत्तरं जुळत नाहीत तेव्हा गोंधळून जाऊ नका. शोधनिबंध वाचताना पेशी कुठली आणि ती कशात वाढवली होती, हे आधी वहीत लिहा. मोजलं ते आरएनए की प्रथिन, हेही बघा. ज्या प्रथिनाचं भवितव्य टिकण्यावर ठरतं त्याचा आरएनए मोजून अर्धीच गोष्ट कळते.

---

कडूनिंब

उशिरा आलो. औषधांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. के-रास जी-१२-सीवर सोटोरासिब मे २०२१ मध्ये मंजूर झालं, तेही जवळपास चार दशकांच्या प्रयत्नांनंतर. तिथे निदान बदललेलं सिस्टीन होतं, औषधाला पकडायला. आरएनडी-३ किंवा रो-एचमध्ये बदललेलं असं काहीच नाही. निरोगी पेशीत जे तेच कॅन्सरमध्ये. पकडणार कुठे?

स्टॅटिननं (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांनी) ही प्रथिनं अडवता येतील असं काही जण सुचवतात. त्यातही अडचण आहे. स्टॅटिनमुळे ज्या स्निग्ध शेपट्यांचा पुरवठा आटतो त्या शेपट्या रो-यू आणि रो-व्ही वापरतच नाहीत, त्यांना पामिटिक आम्लाची शेपटी लागते. रोबीटीबीला तर शेपटीच नाही.

मला आशा वाटते ती प्रथिनाच्या टिकण्याच्या वाटेवर. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत पीएके-४ हे किनेज रो-यूला तोडण्यापासून वाचवतं, असं २०१५ मध्ये दिसलं. पीएके-४ काढलं की रो-यू घटतं आणि पेशींची पकड व हालचाल बिघडते. म्हणजे ज्याला पकडता येत नाही त्याच्या राखणदाराला पकडायचं.

---

आकडेबहाद्दर

कडूनिंब, राखणदाराची कल्पना पटते, पण पीएके-४ एकट्या रो-यूचं राखणदार नाही. त्याला अडवलं की बाकी किती गोष्टी कोलमडतील याचा हिशोब आधी हवा.

---

कडूनिंब

बरोबर. तो हिशोब मांडायलाच तर तुमच्यासारखे लोक हवेत. :)

---

निळावंती

रोबीटीबी-२ बद्दल एक जोडते, कारण वर त्याला गर्दीतला माणूस म्हटलं गेलं. हे प्रथिन क्यूल-३ या विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेला चिकटतं आणि त्यातून स्वतःचीही विल्हेवाट लावून घेतं. २०१८ मध्ये काही लहान मुलांत याच जनुकातले नवे बदल सापडले. मुलांना तीव्र अपस्मार आणि विकासातले अडथळे होते. बदलांमुळे प्रथिन तुटेनासं झालं होतं, म्हणजे पेशीत साठत होतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ते गमावल्याचा संशय, आणि मेंदूत ते जास्त झाल्यानं आजार. कॅन्सरमधला त्याचा दोष अजून वादात असेल, पण त्याचं प्रमाण पेशी इतकं जपून का ठेवते हे या मुलांमुळे स्पष्ट झालं.

---

शुक्रतारा

हे माझ्या वाचनात आलंच नव्हतं. सेमिनारची मांडणी बदलतेय. प्रथिनांची एकेक ओळख करून देण्याऐवजी प्रमाण, जागा आणि पेशीचा प्रकार या वाटेनं जाईन. ‘दुय्यम भूमिका’ हा शब्द काढते. म्युटेशनच्या यादीत नसणं म्हणजे कॅन्सरमध्ये नसणं असं नव्हे, हे रॅक-१-बीवरून दाखवता येईल. सुरुवात कशानं करू? आरएनडी-३ की रो-एच?

---

पेशीपाल

रो-एच. ते दोन ल्युकेमिया शेजारी शेजारी ठेवा, प्रश्न श्रोत्यांच्या मनात आपोआप उभा राहील. आरएनडी-३ ला नंतर निवांत वेळ द्या, यंत्रणा तिथेच जास्त उलगडलेली आहे.

---

आकडेबहाद्दर

आणि ८ व्या गुणसूत्राचा आक्षेप गाळू नका. परीक्षक तोच विचारतील.